संघात घेतले, पंगतीत नाही : पालवणकर बाळू

मैदानावर खेळ सुरू होण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे संघ कसे पाडायचे? सैनिकी शाळेत कॅडेट दाखल झाला की त्याला एक हाऊस मिळते. ते त्याने निवडलेले नसते, पण पुढची सगळी वर्षे तो त्याच हाऊससाठी धावतो आणि त्याच हाऊससाठी घसा बसेपर्यंत ओरडतो. अमेरिकेत हातात चेंडू घेऊन धावण्याचा जो फुटबॉल खेळतात, त्याचे कॉलेजसंघ शेकड्यांनी आहेत. सगळ्यांना एका रांगेत उभे करणे शक्य नाही. म्हणून १९७३ साली तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने आपल्या सभासद कॉलेजांचे तीन विभाग केले. खेळाचा पसारा केवढा आणि खेळाडूंना शिष्यवृत्त्या किती, यावरून कॉलेजचा विभाग ठरतो. तिसऱ्या विभागातल्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही.

आपल्या देशात क्रिकेटचे पहिले मोठे सामने सुरू झाले तेव्हा संघ पैशावरून पडले नाहीत, शहर-प्रांतावरूनही पडले नाहीत. ते पडले धर्मावरून. एका बाजूला युरोपियन, दुसऱ्या बाजूला पारशी, मग हिंदू, मग मुसलमान. या वाटणीत हिंदू संघासाठी सर्वांत जास्त घाम गाळणारा गोलंदाज असा होता की त्याच संघातले लोक त्याला आपल्या पंगतीला बसू देत नव्हते. त्यांचे नाव पालवणकर बाळू. भारताच्या पहिल्या थोर फिरकी गोलंदाजाची ही हकिगत प्रत्येक कॅडेटला माहीत असावी, म्हणून हा लेख.

छावणीतले बालपण

पालवणकरांचे मूळ गाव कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात. कुटुंब चर्मकार समाजातले, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेले. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील पुण्यात लष्कराच्या सेवेत होते, त्यामुळे बाळूंचे बालपण छावणीच्या आसपास गेले. गोरे अधिकारी क्रिकेट खेळत आणि जुने झालेले साहित्य टाकून देत. त्या टाकलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही याच वाटेने गेले.

घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकर सुटली. पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, असे काम बाळूंना मिळाले. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले, तेव्हा पगार चार रुपये झाला. काम तेच : जाळ्या लावणे, खेळपट्टी तयार करणे, रेषा आखणे.

जाळीत फलंदाजांना सराव द्यायला कोणीतरी लागते. एका साहेबाने या पोऱ्याला चेंडू टाकायला सांगितले आणि बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकू लागले. चेंडूला उंची देणे, टप्पा बदलणे, एकाच हालचालीतून कधी आत तर कधी बाहेर चेंडू वळवणे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. रोज तासन्‌तास टाकून टाकून ते हाताला बसले.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी खेळत. हिंदुस्थानातल्या इंग्रज फलंदाजांत त्यांचे नाव फार मोठे होते. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि फक्त बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे द्यायचे असा त्यांचा रिवाज होता, असे सांगतात. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे महिन्याच्या पगाराचा आठवा हिस्सा. बाळूंच्या हाताला धार आली ती अशी.

पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतकी वर्षे त्या जाळीत बाळूंनी हजारो चेंडू टाकले, पण त्यांच्या हातात बॅट कधी कोणी दिली नाही. गोलंदाजी हे घाम गाळण्याचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी ही साहेबांची.

पुण्याच्या हिंदू संघात

पुण्यात हिंदूंचा एक क्रिकेट क्लब होता आणि त्याला युरोपियनांना हरवायचे होते. साहेबांच्या जाळीत साहेबांनाच हैराण करणारा गोलंदाज शेजारीच होता. त्याला संघात घ्यायचे की नाही यावर क्लबात वाद झाला. काही तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, तर मराठी ब्राह्मण सभासदांपैकी काहींचा विरोध होता. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा शुद्ध मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनी जाहीरपणे मांडले. शेवटी जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले.

आले, पण कसे आले ते पाहा. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा, त्याला कोणाची हरकत नव्हती. चहाची वेळ झाली की मात्र इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना बाहेर, नंतर फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवायचे असेल तर पाणी आणायलाही त्यांच्याच समाजातला माणूस लागे. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. दुपारी ज्याने पाच-सहा गडी टिपले, त्याने संध्याकाळी एकट्याने जेवायचे.

बाळूंनी याला उत्तर दिले ते चेंडूने. त्यांच्या बळावर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियनांना हरवले. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला, तेव्हा त्यांच्या फिरकीला मदत मिळू नये म्हणून खेळपट्टी आठवडाभर रोलर फिरवून कठीण करून ठेवली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि संघ जिंकून परतला. पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला आणि जमलेल्यांना सुनावले की ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर जेवायला तुम्हाला हरकत कसली? त्या काळच्या पुण्यात हे चारचौघांत बोलायला धैर्य लागत असे.

मुंबईचे संघ कसे पडले

१८९६ साली पुणे-मुंबई भागात प्लेगने थैमान घातले. त्या सुमारास बाळू मुंबईला आले. पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले.

तेव्हाच्या मुंबईत क्रिकेट म्हणजे जिमखाने. १८७५ साली निघालेला बॉम्बे जिमखाना फक्त युरोपियनांचा. पारशी मंडळी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून क्रिकेट खेळत होती. १८४८ मध्ये त्यांनी आपला क्लब काढला होता आणि १८८६ मध्ये त्यांचा संघ इंग्लंडला जाऊन आला होता. १८८५ साली पारशी जिमखाना निघाला. त्यामागोमाग हिंदू आणि मुसलमान यांनीही आपापले जिमखाने काढले. सरकारने समुद्रकिनाऱ्यालगत त्यांना शेजारी शेजारी जागा दिल्या, त्या आजही मरीन ड्राइव्हवर दिसतात.

स्पर्धाही याच रांगेने वाढली. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा प्रेसिडेन्सी सामना होऊ लागला. १९०७ साली हिंदू आले आणि तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाली. १९३७ मध्ये ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे उरलेल्या सर्वांचा मिळून एक संघ झाला आणि पंचरंगी झाली. सारी मुंबई हे सामने पाहायला लोटायची.

या वाटणीत प्रत्येक संघ आपल्या सगळ्या समाजाचा म्हणवला जाई. म्हणूनच बाळूंच्या निवडीला वेगळाच अर्थ होता. हिंदू संघ हिंदूंचा, तर बाळू हिंदू आहेत की नाहीत? आणि असतील, तर पंगतीत का नाहीत? हिंदू जिमखान्यातल्या काही सभासदांची नाराजी होती, पण कप्तान कीर्तिकर यांनी त्यांची समजूत घातली आणि बाळूंना जागा मिळाली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांना गाठले. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. दुसऱ्या डावात युरोपियनांची फळी कापून काढण्यात मोठा वाटा बाळूंचा होता. शिवरामही या सामन्यात खेळले. स्वदेशीचे दिवस होते, राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवल्याचा आनंद देशभर झाला. काही वृत्तपत्रांनी मात्र त्याहून मोठी गोष्ट टिपली. चर्मकार समाजातले दोन भाऊ उच्चवर्णीयांच्या खांद्याला खांदा लावून खेळले आणि मुंबईत त्यांच्याबरोबर जेवलेही, ही सामाजिक सुधारणेतली मोठी पायरी आहे असे त्यांनी लिहिले. पुण्याचे मातीचे भांडे मुंबईत सुटले ते या विजयांमुळे.

इंग्लंडचा दौरा

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला सर्व-भारतीय संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान अशा तिन्ही समाजांतून खेळाडू निवडले होते. एरवी एकमेकांविरुद्ध उभे राहणारे हे लोक पहिल्यांदाच एका संघाचे झाले. संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते.

दौरा कठीण गेला. २३ सामन्यांपैकी १५ हरले, सहाच जिंकले. महाराज स्वतः फार थोडे सामने खेळले. गोलंदाजीचा सारा भार पस्तिशीतल्या बाळूंवर पडला. खांदा दुखत असतानाही ते टाकत राहिले. दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले, त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी टिपले. लेस्टरशायरवरच्या विजयातही त्यांचाच हात मोठा होता. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक काढून सामना खेचून आणला. हरणाऱ्या संघाचा गोलंदाज असूनही इंग्लंडच्या जाणकारांनी बाळूंना पहिल्या दर्जाच्या फिरकी गोलंदाजांत गणले.

मुंबईला परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या समारंभात तरुण भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता. ज्या समाजाला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्या समाजाचा माणूस लॉर्ड्सच्या मैदानावर खेळून आला होता. त्या सभेतल्या पोरांना काय वाटले असेल याची कल्पना करावी.

कप्तानपद

मैदानावरचा चेंडू मिळाला, पंगतीतली जागा मिळाली. राहिले कप्तानपद. बाळू हिंदू संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू. १९१० पासून पुढे जवळजवळ दर वर्षी त्यांचे नाव निघायचे आणि दर वर्षी मागे पडायचे. १९१३ मध्ये मुकुंद पै यांना कप्तान केले, तेव्हा हा मान खरे तर बाळूंना मिळायला हवा होता असे खुद्द पैंनीच जाहीरपणे सांगितले. आज्ञा पाळणारा म्हणून बाळू चालत होते, पण आज्ञा देणारा म्हणून त्यांना स्वीकारायला निवड समितीचे मन तयार नव्हते.

१९२० साली गोष्ट टोकाला गेली. बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडले आणि पहिल्या सामन्याचे नेतृत्व तरुण दि. ब. देवधर यांच्याकडे दिले. देवधर गुणी खेळाडू होते, पुढे महाराष्ट्राचे थोर कप्तान झाले, पण विठ्ठल आणि शिवराम त्यांच्याहून ज्येष्ठ होते. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू लोकांपुढे मांडली. क्षमता असूनही केवळ जातीमुळे डावलले जाते, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. अंतिम सामन्यासाठी पै बरे होऊन परतले, दोघे भाऊ संघात आले आणि बाळूंना उपकप्तान नेमले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि त्यांनी सूत्रे बाळूंच्या हाती दिली. हिंदू संघ बाळूंच्या इशाऱ्यावर हलला तो तेवढाच वेळ. त्यानंतर ते मोठे क्रिकेट खेळले नाहीत.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. ते त्या वेळी संघातले पहिल्या प्रतीचे फलंदाज होते. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले, तेव्हा चाहत्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. थोरल्या भावाने ठोठावलेले दार धाकट्यासाठी उघडले.

खेळानंतर

खेळ संपला तरी वाटणीचा प्रश्न बाळूंच्या आयुष्यातून गेला नाही, फक्त मैदान बदलले. १९३२ मध्ये देशापुढे प्रश्न आला की अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ असावेत की सर्वांच्या बरोबर राखीव जागा असाव्यात? डॉ. आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघाच्या बाजूने होते. बाळूंचा कल संयुक्त मतदारसंघाकडे होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत दोघांचीही नावे आहेत. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकर जिंकले, बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. कोणाची भूमिका बरोबर होती याचा निवाडा इथे करायचे कारण नाही. दोघेही एकाच अन्यायातून वर आले होते आणि त्यावर दोघांना वेगवेगळे उपाय दिसले, एवढे समजून घेतले तरी पुरे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, तेही प्रत्येकी सुमारे १५ धावांना, ही त्यांची कामगिरी. ती सुरू झाली तेव्हा ते तिशीत होते. उमेदीची पहिली दहा-पंधरा वर्षे रोलर ओढण्यात आणि जाळीत चेंडू टाकण्यात गेली, त्यांची नोंद कोणत्याच पुस्तकात नाही. लगान चित्रपटातला कचरा पाहताना अनेकांना बाळूंची आठवण होते. फरक इतकाच की कचराने एक सामना जिंकून दिला, बाळूंनी वीस-पंचवीस वर्षे जिंकून दिले.

आजचे संघ

धर्मावर पडलेले संघ फार काळ टिकले नाहीत. १९३४ साली रणजी करंडक सुरू झाला आणि प्रांतावरून संघ पडू लागले. १९४० मध्ये गांधीजींनी जातीय सामन्यांना नापसंती दर्शवली आणि १९४६ च्या सुरुवातीला शेवटची पंचरंगी खेळली गेली.

आता नियम प्रदेशाचा आहे. गाझियाबादच्या मैदानावर सराव करणारा मुलगा दिल्लीपासून काही किलोमीटरवर असला तरी उत्तर प्रदेशाचा. जिल्ह्यातल्या मुरादनगरचे सुरेश रैना उत्तर प्रदेशाकडूनच खेळले. गावाचे बंधन नसलेले दोन संघ म्हणजे रेल्वे आणि सेनादल. सेनादलाच्या संघात कोणत्याही प्रांताचा जवान आणि अधिकारी एकत्र खेळतो. पुण्यात जन्मलेले लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी सेनादलाचे कप्तान होते आणि हा संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन वर्षे रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. २००२ पासून रणजीतही संघांचे एलिट आणि प्लेट असे गट आले. तिथे जागा ठरते ती गुणांवर आणि चांगले खेळणारा खालून वर चढू शकतो.

संघ कशावरून पाडले हे महत्त्वाचे आहेच. पण संघ पडल्यावर आत काय चालते, हे त्याहून महत्त्वाचे. बाळू संघात होते आणि तरीही बाहेर होते. अशी आतली रेघ कोणत्याही नियमाच्या पुस्तकात लिहिलेली नसते. ती कोण कोणाशेजारी जेवायला बसतो, कोणाला नुसते राबायला ठेवले जाते आणि कोणाचे नाव कप्तानपदासाठी कधीच निघत नाही, यात दिसते.

कॅडेट मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण उद्या तुकडीचे नेतृत्व कराल. संघाची यादी लावायची वेळ आली की एकदा जाळीकडे नजर टाका. रोज सगळ्यांना चेंडू टाकणारा, पण ज्याच्या हातात बॅट कधी आली नाही असा कोणी तिथे असेल, तर आधी त्याचे नाव लिहा.